पळीला कुलूप

बसा असे, भिंतीला टेकून. घाई असेल तर आत्ताच उठा, अर्ध्यावर उठणाऱ्याला मी पुढच्या खेपेला चहा विचारत नाही. गोष्ट सांगतो ती एका भट्टीवाल्याची. ह्या गड्यानं काळजीपोटी स्वतःचंच खमीर उकडलं, आणि त्या एका दिवसात त्याला अल्लाहच्या एका नावाचा अर्थ कळला. निम्मा कळला म्हणा. पूर्ण कुणाला कळतो?

त्याला गाव तोंडावर मामा म्हणायचं आणि पाठीमागे काळजीमामा. ऊन पडलं तर म्हणणार, पीठ तापेल. ढग आले तर म्हणणार, लाकडं सर्दावतील. आणि काहीच झालं नाही तर म्हणणार, आज फार शांत आहे, काहीतरी होणार बघा. मामी म्हणायची, "ह्यांना काळजी नसली की झोप लागत नाही."

भट्टी त्याच्या अब्बांची. पाव पुडीतल्या यीस्टवर नाही, घरच्या खमिरावर. रीत अशी, की रोजच्या कणकेतून एक गोळा काढून मडक्यात ठेवायचा. उद्याची कणीक त्या गोळ्यावर फुगवायची, आणि तिच्यातून परत परवाचा गोळा काढायचा. अब्बांच्या वेळी मडकं दाराशीच असायचं. कुणीही यावं, लिंबाएवढं न्यावं, घरी पाव करावा. अब्बा गेले आणि मामाला घोर लागला. सगळेच असं नेत राहिले तर आपल्या भट्टीवर कोण येणार? मडकं कपाटात गेलं, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली मामाच्या कमरेला. भट्टीवर अब्बांनी लावलेली पाटी मात्र तशीच होती, 'या रज्जाक' लिहिलेली. मामा ती रोज पुसायचा. कुणी अर्थ विचारला तर म्हणायचा, "रोजी देणारा. बरकतीसाठी लावतात."

त्या वर्षी थंडी अशी, की नळाचं पाणी हाताला चावायचं. त्यात डोंगराच्या वळणावर दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. बाहेरून येणारी पावाची गाडी थांबली. दुकानातलं यीस्ट दोन दिवसांत संपलं. दवाखान्यात दोनशे माणसं, आजारी आणि त्यांच्या उशाशी बसलेली धरून. तिथली स्वयंपाकीण भट्टीवर आली. बाई अशी, की नुसत्या आवाजानं कढई तापवील.

"मामा, रस्ता मोकळा होईपर्यंत संध्याकाळचं जेवण तुझ्या पावावर. पीठ मी पाठवते. सहाला पाव पाहिजेत. खाडा केलास तर मी दोनशे जणांना सांगेन, तुमचं जेवण मामाकडे अडकलंय, जाऊन विचारा."

चार दिवस पाव गेले. चार दिवसांत मामाचं वजन उतरलं. सारखं एकच. खमीर गारठलं तर? दर तासाला उठायचा, कपाट उघडायचा, मडक्याला हात लावायचा. पाचव्या दिवशी पहाटे नमाजला जाण्याआधी त्याला मडकं बर्फासारखं लागलं. त्यानं ते उचललं, गोधडीत गुंडाळलं आणि भट्टीच्या तोंडाशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. त्या कोनाड्यात ओली लाकडं वाळवतात, विचार करा. आणि जाता जाता, थंडी फार आहे म्हणून, दोन ओंडके आणखी सारले.

परत आला तर दारातच वास. आंबूस, जिवंत असा नेहमीचा नव्हे. उकडलेल्या पिठाचा, लहान मुलाच्या पेजेचा असतो ना, तसला. गोधडी सोडली. मडक्याला हात लावला आणि "या अल्लाह" करून मागे घेतला. आत गोळा बसलेला, कडेनं शिजून पांढरा, मधे चिकट. बोट घातलं तर एक बुडबुडा नाही. खमीर मेलं होतं.

मामी आली, वाकून पाहिलं. म्हणाली, "गार होऊ नये म्हणून शिजवलंत होय?"

"चेष्टा सुचतेय तुला? नवीन खमीर उठायला आठवडा लागतो! दुपारपर्यंत कणीक नाही फुगली तर सहाला काय नेऊ? माझं डोकं?"

"ते कोण खाईल," मामी म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिचाही आवाज उतरला. "अब्बांच्या वेळी इतक्या जणी न्यायच्या. कुणाकडे तरी असेल. विचारून तर या."

निघाला. पायांत चप्पल एक त्याची, एक मामीची. पहिलं दार शिंपीणबाईचं. ती मशीनवर बसून कुणाची तरी बाही लावत होती.

"भाभी, तुमच्या सासूबाई अब्बांकडून गोळा न्यायच्या. आहे का जिवंत?"

"सासूबाई? त्या जाऊन सहा वर्षं झाली."

"गोळा, भाभी, गोळा!"

शिंपिणीनं मशीन थांबवली. "सासूबाई गेल्या त्या साली तोही गेला. मी आले होते तुमच्या दारात, नवा मागायला. काय म्हणाला होतात, आठवतं का? 'किल्ली सापडत नाही.' कमरेला वाजत होती, मामा."

मामाचा हात आपोआप कमरेवर गेला. किल्ली वाजली. कान असे तापले, की त्यांच्यावर पाव भाजला असता. तो पुढच्या दाराकडे वळला.

अशी पंधरा-वीस दारं झाली. कुणाकडे मडकं होतं, त्यात आता लोणचं. कुणी म्हणालं, मामा, उशीर केलात. कुणी म्हणालं, मामा, फार वर्षं उशीर केलात. प्रत्येक दारात त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, थंडी, कोनाडा, दोन ओंडके, दवाखाना, सहा वाजता. सांगून सांगून घसा बसला, आणि प्रत्येक खेपेला आपण अधिकच मूर्ख आहोत असं त्याला वाटायला लागलं. शेवटी मशिदीत गेला. इमामसाहेब एकटेच होते, फाटलेल्या चटईला टाके घालत बसलेले.

"इमामसाहेब, तुमच्या घरी खमीर?"

"आमच्या घरी तुझाच पाव येतो. काय झालं?"

मामानं सांगितलं. सांगता सांगता मटकन खाली बसला. "दोनशे माणसं आज माझ्यामुळे उपाशी. रोज मी त्या पाटीवर फडकं मारतो, या रज्जाक, या रज्जाक म्हणतो. आणि बघा."

"पाटीचा अर्थ काय रे?"

"आता अर्थ नको, साहेब, खमीर द्या!"

"खमीर नाही माझ्याकडे, जे आहे तेच देणार ना," इमामसाहेब म्हणाले. त्यांनी दाताने दोरा तोडला. "नीट ऐक, दोन मिनिटं लागतील. रिज्क म्हणजे नुसता पाव नव्हे. श्वास, झोप, अक्कल, शेजार, ज्यानं ज्यानं जीव पोसतो ते सगळं रिज्क. ते घडवणारा आणि ज्याचं त्याच्यापर्यंत पोचवणारा तो रज्जाक. एकदा देऊन मोकळा होणारा नव्हे. देतच राहणारा. आता सांग, ह्यात तू कोण?"

"मी... भट्टीवाला."

"तू वाढपी. पंगत त्याची, अन्न त्याचं, तुझ्या हातात फक्त पळी."

"मग वाढप्यानं पंगतीची काळजी करू नये?"

"करावी की. जिवापाड करावी. पळीला कुलूप लावू नये."

मामा चिडलाच. "म्हणजे मी हात जोडून बसू? तो देईल म्हणून?"

"पाखरू बसतं का घरट्यात? सकाळी रिकाम्या पोटी निघतंच ना?"

"पाखराला दवाखान्याला दोनशे पाव द्यायचे नसतात, साहेब!"

इमामसाहेब हसले. "नसतात. ऊठ. आधी त्या बाईला खरं सांगून ये. लपवलेली गोष्ट दर तासाला जड होते."

दवाखान्याच्या मुदपाकखान्यापर्यंत जाताना मामाच्या पोटात नुसता गोळा. हा गोळा मात्र चांगला फुगलेला. स्वयंपाकीण मोठ्या पातेल्यात डाळ ढवळत होती. त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं आणि डोळे मिटून उभा राहिला. आता कढई तापणार.

"मग?" ती म्हणाली.

"मग पाव नाही."

"पीठ आहे?"

"पीठ आहे. ढीगभर."

"पाणी, मीठ, जाळ?"

"आहे."

"मग रोट्या लाट की, बाबा! मला फुगलेलं आणि न फुगलेलं कळत नाही. मला सहा वाजता उघडणारी तोंडं कळतात. पातळ कर, मऊ कर, म्हाताऱ्यांना डाळीत बुडवता आली पाहिजे."

"न फुगलेलं? आमच्या भट्टीतून?" मामाच्या तोंडून निघून गेलं. दोन पिढ्यांत त्या भट्टीतून चपटं काही बाहेर पडलं नव्हतं.

बाईनं पळी पातेल्यावर आपटली. "हे बघ. आत एक आजी आहे, चार दिवस तुझा पाव खातेय. तिनं एकदाही विचारलं नाही, पाव कुणाचा. तिला तू कोण आणि तुझी भट्टी कुठली! जा, कणीक मळ."

आता दोनशे माणसं म्हणजे चारशे रोट्या. भट्टीवाल्याचा हात पाव वळणारा. लाटण्याची सवयच नाही. दुपार टळली होती. मामा वाटेत हिशेब करत सुटला, एका रोटीला दोन मिनिटं, चारशेला आठशे, आठशे मिनिटं म्हणजे... बोटं संपली, उत्तर तेच, नाही होत. मामी जोडीला धरली तरी नाही होत. वळणावर त्याला भट्टी दिसली. दारात गर्दी. पंधरा-वीस माणसं. आलीच, त्याला वाटलं. जाब विचारायला आली.

पुढे शिंपीणबाई. हातात लाटणं. मामा दोन पावलं मागे सरकला.

"भाभी, मी चुकलो, पण लाटणं..."

"मारायला नाही आणलं!" ती ओरडली. "तुम्ही दारोदार बोंब मारत गेलात. मला वाटलं, खमीर तर कुणाकडेच नाही. मग करणार काय हे? रोट्याच ना? मामीनं केव्हाच कणीक मळायला घेतली. तुमचीच वाट बघत होतो, जाळ कोण धरणार?"

लोणच्याच्या मडक्यावाली होती, फार वर्षं उशीर केलात म्हणणारी होती. पोळपाट कमी पडले तर कुणी उलटं ताट घेतलं. एकानं कपाटाचं दार बिजागरीतून काढलं आणि आडवं टाकलं, चार जणी त्यावर लाटायला बसल्या. मामा भट्टीच्या तोंडाशी. लांब दांड्याच्या फळीवरून रोटी आत, रोटी बाहेर. मधे हौसेनं एक स्वतः लाटली. शिंपीण म्हणाली, "ही रोटी आहे का चपलेचा तळ? आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला का घातल्यात?"

हसले सगळे. मामाला हसू येईना, त्याचा डोळा घड्याळावर. पाचला दोनशे साठ. साडेपाचला तीनशे दहा. कणीक कमी पडली, परत मळली. पावणेसहाला जाळ मंदावला तसा मामा "लाकडं!" म्हणून ओरडला. शिंपिणीचा नवरा पळत लाकडं घेऊन आला. सहाला टोपल्या दवाखान्याच्या दारात होत्या. तीनशे ऐंशी. वीस कमी.

मामा मुदपाकखान्याच्या उंबऱ्यावर ताटकळत उभा. वीस कमी, म्हणजे दहा माणसं. कुणाला मिळणार नाही? त्या आजीला? तासाभरानं स्वयंपाकीण बाहेर आली. टोपलीत तीन रोट्या उरल्या होत्या. "दोन-दोन सगळ्यांना कुठे जातात! आजारी माणसं ती," म्हणाली. "घे, तू खा. सकाळपासून काही खाल्लं नसशील." मामानं तिथेच पायरीवर बसून कोरडी रोटी खाल्ली. ती आपण लाटलेली नाही, हे त्याला दिसत होतं. कुणी लाटली, ते ओळखू येत नव्हतं.

पुढचे दिवस रोट्यांवरच निघाले. आठवड्यानं रस्ता मोकळा झाला, आणि पीठ-पाण्याचं नवं खमीरही बुडबुडलं. ते मडकं दाराशी आहे. काळजी गेली का म्हणाल, तर छे. आता मामा घरोघर फिरतो. "भाभी, दिलेला गोळा जिवंत आहे ना? पीठ घातलं का त्याला? बघू." लोक वैतागलेत. मामी म्हणते, आधी एका मडक्याची काळजी होती, आता चाळीस मडक्यांची आहे, पण झोपतात मेले छान.

तर आता उठा, उशीर झाला. एक काम करा माझं. जाताना मामाच्या दारावरून जा, लिंबाएवढा गोळा उचला, घरी नेऊन जगवा. कधी तो एक चप्पल त्याची नि एक मामीची घालून तुमच्या दारात आला, तर त्याला टोमणा खुशाल मारा. पण कडी लवकर काढा.