नाक्याच्या अलीकडे

जामीन झाला म्हणून आम्ही नाचलो, बघा. आमच्यासारखे येडे आम्हीच.

माझा नवरा लालसू डिंक काढताना धरला गेला. अभयारण्य झालंय म्हणे! त्याच्या आज्यानं त्याच झाडांना खाचा पाडल्या, तेव्हा हे अभयारण्य कुठं झोपलं होतं कोण जाणे. माझा बाबा आपल्या शेतावर जामीन राहिला. कोर्टातून बाहेर पडताना वकील बोट नाचवत म्हणाला, "केस संपेस्तोवर जंगलात पाऊल टाकायचं नाही. टाकलंस की जामीन रद्द, सासऱ्याचं शेत गेलं समज."

आणि आमचं गाव? जंगलाच्या पोटात. वनखात्याचा नाका ओलांडला की जंगल, त्यापुढं जंगल, मग घर.

लालसूनं कागदावर अंगठा दिला होता. आमच्यात अंगठा म्हणजे पंचांपुढं दिलेला शब्द, तो सोयऱ्यांनाही बांधतो. तो नाक्याबाहेरच्या टपरीवर लाकडं फोडत राहिला. इकडे त्याच्या आईनं अंथरूण धरलं. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या.

"आत्या, खाटेवर घालून तुला नाक्यावर नेतो."

"अजिबात नाही. शिवेबाहेर मेले तर पितरांत कोण घेईल मला? त्यालाच बोलाव."

"नाही येत गं तो. शेत जाईल म्हणतो."

"आईपेक्षा तुझ्या बापाचं शेत मोठं झालं होय?"

बाबा तिथंच बसला होता. म्हणाला, "खड्ड्यात गेलं शेत. पोराला आण."

मी नाक्यावर गेले. लालसू म्हणाला, "मामा म्हणेलच तसं, बहीण आहे त्याची. उद्या तो खाईल काय? तूच आईला आण ना."

"ती येत नाही, तू येत नाहीस! मी काय दोघांच्या मधे फाटून मरू? दगड आहेस दगड!"

तो पुन्हा लाकडं फोडू लागला. कुऱ्हाड मात्र नीट चालेना त्याची. मी रडत घरी आले.

आत्या दाराकडं तोंड करून गेली. शेवटपर्यंत कुणी आलं की डोळे उघडायची, बघायची, मिटायची.

गावचा पुजारी, गायता म्हणाला, "पहिली माती लेकाची. त्याच्याशिवाय खड्डा बुजत नाही." मी पुन्हा नाका गाठला आणि लालसूला बघताच मोठ्यानं हंबरडा फोडला. नाक्यावरचा गार्ड चहा टाकून धावत आला. मी सगळं सांगितलं.

"अरे येड्या," तो लालसूला म्हणाला, "ती अट सगळ्यांनाच घालतात. तुझं घरच आत आहे, घरी जायला कोण अडवतंय? तुझ्यासारखे कितीतरी जामिनावरचे रोज इथून जातात-येतात. मला वाटलं, बायकोशी भांडून बसलायस."

"तुमच्यासमोरच बसलो होतो, साहेब."

"मग एकदा विचारायचंस तरी!"

लालसूनं कुऱ्हाड तिथंच टाकली आणि नाक्यातून आत पळत सुटला. ठेचकाळला, उठला, पुन्हा पळाला. मी मागून ओरडत होते, "अरे हळू जा रे, आता कशाला पळतोस!"