न धुतलेला रोल

सोनूबाई गेली त्याच्या चौथ्या दिवशी तिचा लेक सोमेश्वर बदरुन्निसाच्या दारात येऊन उभा राहिला, आणि बदरुन्निसाला सगळ्यात आधी काय झालं असेल तर आनंद झाला. जिवाभावाची मैत्रीण गेलेली, गल्लीत अजून सुतक, अशा वेळी मनाला असं वाटावं हे काही बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण पाच वर्षं ज्याच्यावर डूख धरला तो दाढी वाढलेल्या, पडलेल्या चेहऱ्यानं आपल्या पायांनी चालत आला होता, आणि काहीतरी मागायला आला होता.

"चाची, आईचा फोटू पायजे. तेराव्याला ठेवायला," तो म्हणाला.

आता गंमत बघा. टेंभुर्णीच्या बसस्टँडवर या सोमेश्वरचा दोन मजली स्टुडिओ. ड्रोन उडवतो, अख्ख्या जाफराबाद तालुक्याची लग्नं करतो, नवरीला ढगांत उभी करून दाखवतो. आणि स्वतःच्या आईचा एक फोटो याच्याकडे नाही! लेकानं मोबाइल रोखला की सोनूबाई पदर तोंडावर ओढायची आणि म्हणायची, "तुझ्या डबीत मला जायचं न्हाई." राहता राहिला आधार कार्डावरचा. तो असा उमटला होता की स्वतः सोनूबाईलाही तो दुसऱ्याच कुणाचा वाटायचा.

"माझ्याकडं हाय असं कोण म्हणलं तुला?"

"आईच म्हणल्ती. दवाखान्यात. बदरूच्या कॅमेऱ्यात हाय म्हणली."

"हाय," बदरुन्निसा म्हणाली आणि दाराच्या चौकटीत तशीच उभी राहिली. त्याला आत ये म्हणाली नाही.

कॅमेरा होता जुना यशिका, दोन भिंगांचा, चौकोनी डब्यासारखा. तिच्या नवऱ्यानं, अजमतनं, अठ्ठ्याऐंशी साली औरंगाबादहून आणला आणि बाहेरच्या खोलीत स्टुडिओ थाटला. पण गावच्या बायका काही अजमतसमोर बसेनात. मुसलमानांच्या बसेनात तशा पाटलांच्याही बसेनात. मग बदरुन्निसानं कॅमेरा हातात घेतला, आणि पुढची तीस वर्षं बायकांचा फोटो म्हणजे बदरूकडचा, असं पंचक्रोशीत ठरूनच गेलं. त्याला कारणही तसंच होतं. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाशी धरायचा आणि वरून काचेत खाली बघायचं. फोटो काढणारी मान खाली घालून उभी असल्यामुळे आपल्याकडे कुणी रोखून बघतंय असं समोरच्या बाईला वाटतच नसे. जरा वेळानं पदर आपोआप सैल पडायचा, खांदे खाली यायचे, आणि सासरी कुणी कधी न पाहिलेलं हसू त्या बाईच्या तोंडावर यायचं. तेव्हा बदरुन्निसा कळ दाबायची.

एका रोलवर फोटो बाराच. म्हणून वायफळ एकही काढायचा नाही, आणि बारा भरल्याशिवाय रोल धुवायचा नाही, हा तिचा नेम. पण निगेटिव्ह निघायची ती ही एवढी, चांगली बोटभर रुंद आणि बोटभर लांब. नथीतले मोती मोजून घ्या. भिंतीएवढी मोठी केली तरी चेहरा फाटायचा नाही. मोबाइलवर माणूस दिवसाला शंभर फोटो काढतो आणि त्यात एक चेहरा सापडत नाही, असं तिचं मत होतं, आणि ते ती कुणी न विचारताही ऐकवायची.

या बायकांची हसरी तोंडं पाकिटांत घालून, नाव टाकून, तिनं लोखंडी कपाटात ठेवली होती. किल्ली तिच्या कमरेला. नवऱ्यालासुद्धा ते कपाट उघडायची मुभा नव्हती.

सोमेश्वरनं ते उघडलं. चोरून नव्हे, तिच्याच किल्लीनं, तिच्याच डोळ्यांसमोर. लॉकडाऊनमध्ये त्याचा स्टुडिओ बंद, पोरगा रिकामा, लहानपणापासून घरात वावरलेला. "चाची, जुनं काम बघू द्या," म्हणाला, आणि तिला कोण कौतुक वाटलं! निगेटिव्ह खिडकीशी कशी धरायची, काळ्यातून गोरं कसं ओळखायचं, हे तिनंच त्याला शिकवलं. ती स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेली की हा मोबाइलनं एकेक पाकीट टिपत होता. मोबाइलवर काळ्याचं पांढरं एका बोटात होतं. महिनाभरानं फेसबुकवर 'आपली जुनी टेंभुर्णी' नावाचं पान निघालं आणि त्यावर गावातल्या बायका, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला, मनमोकळ्या हसताना, जगानं बघितल्या.

गावात आग लागली. शीतल नावाच्या सुनेला नवऱ्यानं गावातल्याच माहेरी नेऊन घातलं, का, तर आपल्यासमोर कधी अशी हसली नाही म्हणून. लोक सोमेश्वरकडे गेले. तो सरळ म्हणाला, "मला काय माहीत? चाचीनंच दिले. टाक म्हणल्या, म्हणून टाकले."

झालं. बायका तिच्या स्टुडिओसमोरून जाताना थुंकू लागल्या. बदरुन्निसानं दारोदार जाऊन सांगितलं, कुणी ऐकून घेतलं नाही. शेवटी तिनं कपाटातली सगळी पाकिटं अंगणात पत्र्याच्या पिंपात टाकून सगळ्यांसमोर पेटवली. तीस वर्षांचं काम. त्यात सोनूबाईचीही पाकिटं होती. एक ठेवून बाकीची जाळणं तिला शोभलं नसतं. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती, आपलं नाव परत हवं होतं. आणि खरं सांगायचं तर दुसरीही हवी होती. ज्यानं ते घालवलं त्याला रडताना बघायचं होतं.

सोनूबाई मात्र यायची राहिली नाही. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली आणि स्टुलावर बसली.

"माझा एक काढ, बदरू."

"आता कशाला?"

"माझ्या लेकानं काय केलं ते मला ठाऊक हाय. गावात बोलायला माझी जीभ उचलली न्हाई. लेक पडला ना." तिनं लुगड्याचा पदर नीट केला. "मी गेल्यावर त्याला माझा फोटू लागंल, तवा तो तुझ्याच दारी येईल. त्याच्याकडून चारचौघींत खरं वदवून घे, अन् मंग दे त्याला. आपला हिशोब मिटला."

बदरुन्निसानं मान खाली घालून काचेत पाहिलं. काचेत सोनूबाई रडत रडत हसत होती. रोलवरचा तो तिसरा फोटो. बाकीच्यांवर शेळ्या, अंगणातली डाळिंबी, मशिदीचा मिनार, असलंच काहीबाही, कारण बाई कुणी येत नव्हती. आता अकरा झाले होते आणि एक उरला होता.

तर दारात उभ्या सोमेश्वरला तिनं अट सांगितली. गावातल्या बायकांना बोलव, माझ्या अंगणात उभा राहा, आणि ते फोटो तू चोरलेस हे बोल. बोललास की फोटो तुझा.

"चाची, झालं गेलं. आता आई वारली माझी."

"म्हनूनच सांगून राह्यले."

"बसस्टँडवर तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई मला. लग्नाच्या तारखा हायेत."

"मंग आधारवरचा लाव," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. आतून कडी घालताना तिला बरं वाटत होतं.

तो सातव्या दिवशी आला, परत गेला. नवव्या दिवशी बायकोला पाठवलं, तीही परत गेली. सोनूबाईची धाकटी जाऊ दुर्गाबाई, शब्दाला वजन असलेली म्हातारी, ती शेवटी पुतण्याला म्हणाली असं कळलं, की चोरी केली नसशील तर भितोस कशाला, अन् केली असशील तर आई बिनफोटूची जाईल तुझ्यापायी. मग त्यानं हाय खाल्ली. अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दुर्गाबाईला पुढं घालून पंधरावीस बायका बदरुन्निसाच्या अंगणात आल्या. पाच वर्षांनी त्या अंगणात बायका बसल्या होत्या.

सोमेश्वर मधोमध उभा राहिला. जमिनीकडे बघत बोलला, पण बोलला.

"ते फोटू मी मोबाइलनं चोरून काढल्ते. चाचीला ठाऊक बी नव्हतं. मी खोटं बोल्लो. चाचीचा बिलकुल दोष न्हाई."

 मग एक बाई उठली, बदरुन्निसाच्या जवळ आली, आणि तिचा हात हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. ती शीतलची आई होती. दुर्गाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "चुकलं आमचं, बदरू," ती म्हणाली. "बराबर न्हाई वागलो आम्ही."

जे हवं होतं ते मिळालं होतं. बदरुन्निसानं आत जावं, खोलीत अंधार करावा, रोल धुवावा, संध्याकाळपर्यंत मैत्रिणीचा फोटो तिच्या घरी पोचवावा, एवढंच उरलं होतं. पण तिच्या छातीतला निखारा काही विझेना. हा एवढंसं बोलला आणि सुटला? पाच वर्षांचं थुंकणं, पिंपातला तो धूर, आणि याचं दोन ओळींत आटोपलं?

ती आतून कॅमेरा घेऊन आली.

"एक फोटू उरलाय रोलात. उभा राहा तिथंच. हात जोड. बायकांसमोर हात जोडलेला तुझा फोटू काढते, मोठा करून स्टुडिओच्या दारावर लावते."

सोमेश्वरचं तोंड लालबुंद झालं. "हे ठरलं नव्हतं, चाची."

"आता ठरलं."

"बदरू, जाऊ दे आता," दुर्गाबाई म्हणाली.

"हात जोड."

तो दोन पावलं पुढे आला आणि त्यानं तिच्या हातातून कॅमेरा ओढून घेतला. "माझी आई हाय यात. मीच काढून घेतो. निगेटिव्ह काय मी पाह्यली न्हाई?"

पाहिली होती. शेकड्यांनी पाहिली होती, याच अंगणाच्या उजेडात, खिडकीशी धरून. पण ती धुतलेली. कॅमेऱ्यातला रोल आधी अंधारात धुवावा लागतो, तोवर उजेडाचा कण त्याला सोसत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं; तो धंदा शिकला तो थेट डिजिटलवर. जी निगेटिव्ह त्यानं चोरली ती सगळी आयती तयार होती, म्हणून त्याला वाटलं, आत तयारच असणार. त्याचा अंगठा झाकणाच्या तळाशी असलेल्या कळेवर गेला तेव्हा बदरुन्निसाच्या हे लख्ख ध्यानात आलं.

"थांब" म्हणायला किती वेळ लागतो?

झाकण उघडलं. अजूनही फार बिघडलं नव्हतं. रोल काळ्या कागदात घट्ट गुंडाळलेला असतो. वरवरचे दोन-तीन फोटो गेले असते, शेळ्या गेल्या असत्या. सोनूबाई तिसरी, म्हणजे गुंडाळीत खोल. तिनं झडप घालून झाकण दाबलं असतं तरी ती वाचली असती. बदरुन्निसानं हात पदराखाली घेतले. तिला त्याचं तोंड बघायचं होतं.

सोमेश्वरनं गुंडाळी बाहेर काढली, कागदाचं टोक धरलं आणि सरसर ओढली. दहाच्या उन्हात हातभर लांब दुधी पट्टी बाहेर आली आणि आपोआप वळू लागली. त्यानं ती आभाळाकडे धरली. उलटी केली. पुन्हा धरली.

"कुठंय? चाची, आई कुठंय यात?"

"गेली," बदरुन्निसा म्हणाली. "तूच घालवलीस. उजेड लागला की समदं जातं."

ते त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो तिथंच मातीत बसला आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडला, पट्टी दोन्ही हातांत घेऊन. पाच वर्षं तिनं हेच मागितलं होतं. तिनं ते मन भरून पाहिलं, आणि तिला कळलं की सोनूबाईचं ते रडतं हसू आता आपल्यालाही पुन्हा कधी दिसणार नाही. 

दुर्गाबाई उठली. रोल बदलताना ही बाई दार लावून घ्यायची, "पोरींनो, फट ठेवू नका," म्हणून ओरडायची, हे तिथल्या निम्म्या बायकांनी तरुणपणी पाहिलं होतं.

"बदरू," ती म्हणाली, "त्यानं कळ दाबली तवा तू बघून राह्यली व्हतीस. तुला ठाऊक व्हतं ना?"

म्हातारी झाले, सुचलं नाही, असं म्हणता आलं असतं. बायकांनी मानलंही असतं, आज त्या काहीही मानायला तयार होत्या.

"ठाऊक व्हतं," बदरुन्निसा म्हणाली.

शीतलच्या आईनं तिचा हात सोडला. दुर्गाबाईनं पुतण्याला दंडाला धरून उठवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर नेलं. ज्याच्यावर बायका दहा मिनिटांपूर्वी थुंकल्या असत्या, त्याच्यामागून त्या एकेक करत, पदर सावरत निघून गेल्या. कुणी बदरुन्निसाला शिवी दिली नाही, कुणी वळून पाहिलंही नाही. पाच वर्षं तिच्यावर जो आळ होता तो खोटा होता, आणि तो खोटा आहे एवढ्या बळावरच ती गावातून ताठ मानेनं चालत होती. आता मात्र विश्वासानं ठेवायला दिलेलं एका बाईचं तोंड तिनं खरोखरच घालवलं होतं, आणि ते तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं.