एका ओळीचा फिल्टर

धाकटीला घरी बसवायचं ठरल्यातच जमा होतं. थोरली हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांच्या ऑफिसात शिरली तेव्हा निलंबनाचा कागद टेबलावर तयार होता आणि धाकटी मान खाली घालून त्याच्यासमोर बसली होती. लहानपणी शेजारणीने उगाच चोरीचा आळ घेतला तेव्हाही ती अशीच बसली होती. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोघी बहिणी एकाच हॉस्पिटलात. धाकटी अतिदक्षता विभागात नर्स, थोरलीकडे तिथलं नेटवर्क. विभागात प्रत्येक खाटेपाशी मॉनिटर होता आणि सगळ्यांचे आकडे नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर यायचे. सकाळी तो पडदा अचानक कोरा पडला. धाकटी एका पेशंटच्या घशातला कफ काढत होती. पलीकडे काचेच्या खोलीत एका आजोबांचा प्राणवायू उतरला, मॉनिटर आत ओरडत राहिला आणि बाहेर कुणालाच कळलं नाही. आजोबा वाचले, पण थोडक्यात. थोरली धावत पोचली तोवर पडदा पुन्हा सुरू झाला होता.

"पडद्याचं निमित्त आहे हो," संगणक विभागाचा प्रमुख आता मोठ्या डॉक्टरांना सांगत होता. "या मुली मोबाइलवर व्हिडिओ बघतात. म्हणूनच तर मी सकाळी त्यांच्यावर फिल्टर टाकला होता."

थोरली बसता बसता थांबली. "कुठे टाकलात?"

"त्या विभागाच्या व्हीलॅनवर. तुम्ही रजेचा अर्ज लिहीत होतात, म्हटलं कशाला त्रास द्या."

सगळ्या केबली ज्या डब्यात येतात तो स्विच, आणि त्या एकाच स्विचवर भिंती न बांधता पाडलेल्या खोल्या म्हणजे व्हीलॅन. या खोलीत नर्सचे फोन आणि पेशंटचे मॉनिटर एकत्र कोंबलेले होते. ते वेगळे करा म्हणून थोरलीने तोंडाची वाफ दवडली होती, आणि दर वेळी याच माणसाने "बघू" म्हटलं होतं.

"किती ओळी लिहिल्यात?"

"एकच. व्हिडिओ अडवा."

"आणि बाकी सगळं जाऊ द्या, ही ओळ?"

"ती कशाला? बाकीचं जातंच की."

"जात नाही. स्विच वरून एकेक ओळ बघतो. आलेली माहिती कुठेच बसली नाही, तर टाकून देतो. मॉनिटरचे आकडेही त्यानं टाकून दिले."

"मॅडम, बहिणीसाठी आता स्विचवर आळ घेऊ नका. विभागातून फोन आला, नेट बंद आहे म्हणून. मला वाटलं, व्हिडिओ गेले म्हणून रडतायत. म्हणून फिल्टर काढून टाकला."

"मग तीच ओळ आत्ता या ऑफिसवर टाका. इथे कुणाचा जीव टांगलेला नाही."

"टाकतो की." त्याने लॅपटॉप पुढे ओढला. मनगटावरचं घड्याळ सारून, सगळ्यांना दिसेल अशा बेताने त्याने बटणं दाबली. "झालं. आता बोला."

मोठ्या डॉक्टरांनी आपल्या पडद्याकडे पाहिलं. अर्धी उघडलेली फाईल तिथेच अडकली होती. शेजारच्या खोलीतून कारकून ओरडला, "प्रिंटर मेला का रे?" डॉक्टरांनी टेबलावरचा, नेटवर्कवरच चालणारा फोन उचलला तर तोही मुका.

प्रमुखाने एक बटण दाबलं, मग तेच पुन्हा. "काढता येत नाहीये. माझंच कनेक्शन गेलं."

"जाणारच. तुम्हीही याच खोलीत बसलाय ना?" थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण धाकटीने दचकून वर पाहिलं.

"मॅडम, खाली जाऊन थेट स्विचला केबल लावून ती ओळ काढा ना. प्लीज."

"आधी तो कागद."

"बाई, अडवणूक करताय तुम्ही," मोठे डॉक्टर म्हणाले.

"हो. सकाळी आजोबांचा श्वास अडला होता, सर. तुमची फाईल थोडी थांबेल."

डॉक्टरांनी कागद उचलला, उभा फाडला आणि ते प्रमुखाला म्हणाले, "आजोबांच्या मुलाला काय घडलं ते तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर." प्रमुखाने मान हलवली, पण धाकटीकडे पाहिलं नाही.

जिना उतरताना धाकटी मागून आली. थोरलीला वाटलं, आता ही गळ्यात पडेल.

"ताई, तासभर मला हलगर्जी म्हणत होते सगळे. तो प्रमुख एकदा तरी सॉरी म्हणाला का?"

"नाही."

"मग कशाला सुरू करतेस त्यांचं?"

थोरली स्विचच्या कपाटापाशी उभी राहिली. केबल हातात होती. तिने ती खांद्यावर टाकली आणि वरच्या मजल्याकडे बघून हाक मारली, "प्रमुखसाहेब, जरा खाली या. सिस्टर थांबल्यात."

वरून पावलं वाजेपर्यंत तिने कपाट उघडलं नाही.