जावईबापूंचे पंखे

त्या घरात प्रत्येक वस्तूला एक तोंड होतं आणि ते पाहुण्यांकडे होतं.

भिंतीवरचं घड्याळच घ्या. ते स्वयंपाकघराच्या दारावर होतं, पण दाराच्या बाहेरच्या अंगाला, बरोबर सोफ्यासमोर. सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याला मान न हलवता वेळ कळायची. आणि ज्यांच्या वेळेवर अख्खं घर चालायचं त्या सासूबाई दिवसभर आत ओट्याशी. त्यांना किती वाजले हे हवं असलं की बाहेर जो कोणी असेल त्याला ओरडून विचारावं लागायचं. उशांचं भरतकाम वर, ठिगळ खाली. चांगल्या कपबशा काचेच्या कपाटात, घरच्यांचा चहा कान तुटलेल्या कपात. "घरात माणसं येतात," असं सासूबाई म्हणायच्या. आता घरात राहणारीही माणसंच होती, पण ती येत नव्हती ना, ती होतीच.

सूनबाईचं कामही खरं तर याच घराला शोभेल असं होतं. अजून न बांधलेल्या इमारतींच्या चित्रफिती ती कॉम्प्युटरवर बनवायची. त्या इमारतींमध्ये कायम सकाळचं कोवळं ऊन असायचं, कुणाच्या गॅलरीत कपडे वाळत नसायचे आणि कुणाचं मूल रडत नसायचं. सूनबाईचं मूल मात्र रडायचं. चिमी नुकती रांगायला लागली होती, आणि तिचं म्हणणं असं की आईनं दोन्ही हात एकदम कीबोर्डवर ठेवणं हा शुद्ध विश्वासघात आहे.

बाळंतपणानंतरचं हे पहिलंच काम. ऑफिसातल्या मॅडम फोनवर साखरेत घोळवून म्हणाल्या होत्या, "घाई अजिबात नाही हं. तू बाळाला सांभाळ. शनिवारी संध्याकाळपर्यंत जमतंय का बघ, नाहीतर तो नवीन मुलगा आहेच."

'तो नवीन मुलगा आहेच' यातली घाई सूनबाईला बरोबर ऐकू आली. हे काम हातचं गेलं, की पुढच्या वेळी मॅडम फोनसुद्धा करणार नव्हत्या.

अडचण होती ती कॉम्प्युटरची. सूनबाईनं इमारत रचून दिली की पुढचं दळण त्याचं. एकेक चित्र रंगवत तो तासन्‌तास बसायचा, आणि मध्येच तापून बंद पडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"दुकानात दाखवू," नवरा म्हणाला.

"घरचे जावई असताना दुकान कशाला?" सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

जावईबापू म्हणजे नणंदेचे यजमान. त्यांना सगळं येत असे. नळ गळायला लागला की ते येऊन बघत, आणि मग प्लंबर येऊन त्यांनी बघितलेलं दुरुस्त करी. कॉम्प्युटर म्हणताच त्यांच्या डोळ्यांत चमक आली. रविवारी ते एका बाजूला काच असलेला नवाकोरा डबा आणि खोकंभर पंखे घेऊन हजर.

"वहिनी, सगळा खेळ हवेचा आहे," हॉलच्या मधोमध मांडी ठोकून ते म्हणाले. "सात पंखे. समोर तीन, खाली दोन, मागं एक, वर एक. आणि सगळ्यांना लाईट!"

सासूबाईंनी त्यांच्यासाठी काचेच्या कपाटातली कपबशी काढली. सूनबाई चिमीला कडेवर घेऊन बघत होती.

"भाऊजी, सगळ्याच पंख्यांची तोंडं आतल्या बाजूला?"

"मग? पंखा वारा कुठून देतो? तोंडानं. पाठीनं कधी कुणाला वारा लागलाय?" जावईबापू सासूबाईंकडे बघून हसले. सासूबाईही हसल्या. "सातही पंखे आत वारा टाकणार. फ्रीज होईल नुसता, फ्रीज!"

"आणि गरम हवा बाहेर कोण काढणार?"

"ती जाते हो. गरम हवा हुशार असते, तिची ती वाट काढते." मग आवाज जरा खाली आणून त्यांनी खरं कारण सांगितलं. "आणि तोंडं बाहेर केली, तर काचेतून काय दिसणार? पाठी?"

या घरात एवढा मुद्दा पुरे होता. जुन्या डब्यातले भाग नव्या डब्यात बसले आणि टेबल सरकवून काच सोफ्याकडे केली गेली. बटण दाबलं, सात चकत्या उजळल्या आणि रिमोटवर लाल, जांभळा, मोरपंखी असे रंग पालटू लागले.

"काय घर उजळलंय!" सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर तो काळा डबा. कुणी आलं की मी त्याच्यावर टॉवेल टाकायची."

टॉवेल आणि डब्याचं तापणं यांचा संबंध त्या दिवशी तरी कुणी जोडला नाही.

सोमवारी सूनबाईनं काम लावलं आणि चिमीला भरवायला बसली. तिसऱ्या घासाला कॉम्प्युटर बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. जुना डबा निदान दुपारपर्यंत तरी तग धरायचा. तिनं जावईबापूंना फोन केला.

"रंग कुठला ठेवलाय?" त्यांनी विचारलं.

"रंग? लाल आहे बहुतेक."

"तिथंच चुकतंय! निळा ठेवा. निळ्यानं थंड पडतं."

सूनबाईनं निळा ठेवला. कॉम्प्युटर निळ्यातही बंद पडला, फक्त जरा शांतपणे पडल्यासारखा वाटला. मंगळवारी जावईबापू आठवा पंखा घेऊन आले आणि तो वरच्या अंगाला, अर्थातच तोंड आत करून, बसवून गेले. त्यानंतर कॉम्प्युटर आणखी लवकर बंद पडू लागला. शिवाय आणखी एक गंमत झाली. चिमीला त्याच खोलीत आंघोळीनंतर पावडर लागायची. बुधवारपर्यंत डब्याच्या आतले सगळे भाग पांढरे झाले. जावईबापूंचा कॉम्प्युटर चार दिवसांत म्हातारा झाला होता.

"त्यांच्या हाताला यश आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "तुझंच काम जड दिसतंय."

गुरुवारी दुपारी चिमीला सर्दी झाली. मांडीवर घेऊन तिचं नाक पुसता पुसता सूनबाई बंद पडलेला कॉम्प्युटर पुन्हा सुरू होताना बघत होती. चिमीनं टिश्यू ओढून फाडला, त्याची पट्टी मुठीत धरली आणि डब्याच्या पुढच्या जाळीपाशी नेली. पट्टी फडफडत उलटी तिच्याच नाकावर आली. चिमी खिदळली. पुन्हा नेली, पुन्हा नाकावर.

सूनबाईचा हात थांबला. सात नि एक आठ पंखे आत वारा टाकतायत म्हणे, मग ही पट्टी बाहेर कशी येते?

तिनं दुसरी पट्टी फाडली. मागच्या पंख्यापाशी धरली, पट्टी बाहेर. वर धरली, बाहेर. खाली वाकून धरली, तिथंही बाहेर. जिथं पंखा तिथून हवा बाहेरच. घेणारा कुणी नाही, सगळे देणारे! शेवटी पट्टी चिकटली ती कुठं, तर मागं केबल जाते त्या बोटभर फटीला. तिथं पावडरीची पांढरी रेघ उमटली होती. बिचारा डबा फटीफटीतून श्वास ओढत होता, आणि सोबत चिमीची पावडर.

तिनं कॉम्प्युटर बंद केला, काच काढली आणि एक पंखा निरखून पाहिला. कडेला प्लास्टिकमध्येच एक बारीक बाण कोरलेला होता. त्याचं टोक पाठीकडे. जिकडे आडव्या पट्ट्या, वायर आणि चिकटवलेला कागद, त्या कुरूप बाजूनं हा पंखा वारा सोडत होता, आणि त्या लखलखीत तोंडानं नुसता ओढून घेत होता.

"काय बाई तोंड!" सूनबाई चिमीला म्हणाली. "दिसायला एवढं देखणं आणि काम काय, तर ओढायचं."

चिमीनं शिंकून दाद दिली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं. तो नेहमीच मन लावून ऐकायचा, आणि त्याच्या पुढं सहसा काही होत नसे.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "पण जावई माणूस. इतक्या हौसेनं केलंय त्यांनी. रविवारी येतीलच, तेव्हा हळूच विषय काढू."

"माझं काम शनिवारी द्यायचंय."

"ते आहेच." त्यानं विचार केला. "मॅडमना सोमवार चालणार नाही का?"

सूनबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून आपण होऊन कपडे वाळत घालायला गेला.

शुक्रवारी सकाळी चिमीला सासूबाईंच्या कडेवर देऊन तिनं स्क्रू ड्रायव्हर काढला. एकेक स्क्रू निघाला की वाटीत टाकायची आणि वाटी फळीवर, चिमीच्या हाताला लागणार नाही अशी.

"अगं, त्यांना विचारलंस का?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "काय वाटेल जावयांना?"

"आई, त्यांना जे वाटायचं ते रविवारी वाटेल. मॅडमना शनिवारीच वाटणार आहे."

समोरचे तीन आणि खालचे दोन पंखे तिनं उलटे केले. ते आता हवा आत घेणार आणि मागचा एक, वरचे दोन ती बाहेर काढणार. फडक्यानं पावडर पुसली, काच लावली, बटण दाबलं. सोफ्यावरून दिसणारं दृश्य खरोखर वाईट होतं. पाच पाठी, पाच वायरी, आणि पाच कागदांवर कारखान्याचे नंबर.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "हे तर उघडंवाघडं दिसतंय."

पण समोरच्या तिघांची उजळ तोंडं आता जाळीतून बाहेर, थेट स्वयंपाकघराच्या दारात बघत होती. ओट्यावर, विळीवर, सासूबाईंच्या हातावर मंद उजेड पडला. संध्याकाळी रिमोट घेऊन त्यांनी जांभळ्याचा मोरपंखी केला.

शनिवारी पहाटेच कॉम्प्युटरला काम लावलं. सकाळ गेली. चिमीची आंघोळ झाली, पावडर झाली, ती झोपलीही, आणि पंखे घुमत राहिले. येता-जाता सासूबाई डब्याच्या माथ्यावर तळवा ठेवून बघायच्या. दुपारी हात काढून म्हणाल्या, "ताप उतरलाय याचा."

आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात जावईबापू, रविवारची वाट न बघता, आणि सोबत त्यांचे साहेब.

"साहेबांच्या मुलाला अस्साच बनवायचाय," चपला काढता काढता जावईबापू म्हणाले. "म्हटलं आपलं काम दाखवू. बसा साहेब, इथं सोफ्यावर बसा, इथून छान दि..."

ते थांबले. काचेतून पाच पाठी त्यांच्याकडे बघत होत्या.

"हे कुणी केलं?"

"भाऊजी, मी..." सूनबाई खुर्चीतून उठली. स्क्रीनवरची रेघ शेवटाकडे सरकत होती, अजून वीतभर बाकी.

"अहो वहिनी, सगळं उलटं केलंत! थांबा, पाच मिनिटांचं काम आहे. करतो नीट." साहेबांसमोर त्यांचे कान तांबडे झाले होते. ते वाकले आणि त्यांचं बोट बटणाकडे गेलं.

सूनबाई ओरडली तर जावयाचा अपमान, नाही ओरडली तर तो नवीन मुलगा आहेच. तिनं हात पुढं केला खरा, पण त्याआधीच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"जावईबापू! हात लावू नका."

सासूबाई पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. जावयासाठी त्यांचा असा आवाज लागलेला कुणी ऐकलाच नव्हता. त्यांनाही तो जरा नवीन वाटला असावा, कारण पुढचं वाक्य त्यांनी तुपात बुडवून काढलं.

"शिजत असताना झाकण काढू नये हो. तिचं चढलंय आत. आणि तुम्हीच तर परवा फोनवर म्हणालात ना, हवा पाठीनं येते, पंखे फिरवून घ्या म्हणून? तुमच्याच शब्दावर फिरवलेत हिनं. इतकं थंड झालंय, बघा हात लावून. वरती, बटणाला नाही."

जावईबापूंनी वरती हात लावला. सूनबाईनं टिश्यूची पट्टी पुढच्या जाळीपाशी धरली, आणि पट्टी जाऊन चप्प चिकटली. जावईबापूंनी पट्टीकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. मग ते सावकाश ताठ उभे राहिले.

"त्याचं काय आहे साहेब," ते म्हणाले, "लोकांना वाटतं पंखा तोंडानं वारा देतो. इथंच सगळे फसतात."

"असं का?" साहेब म्हणाले.

"मी वहिनींना तेच समजावलं."

सूनबाईनं एक दीर्घ श्वास घेतला, तो बाहेर सोडला आणि पाहुण्यांकडे पाठ करून कामाला बसली. तिच्या मागं सोफ्यावर हवेचं शास्त्र बराच वेळ चाललं. त्या व्याख्यानात बाणही होता, पट्टीही होती, फक्त ती नव्हती. पण स्क्रीनवरची रेघ टोकाला पोचली, चित्रफीत मॅडमकडे गेली, आणि चिमी जागी व्हायच्या आत उत्तर आलं: 'छान झालंय. पुढची इमारत सोमवारी पाठवते.' त्या नवीन मुलाचा उल्लेख नव्हता.

पाहुणे गेल्यावर ती चांगल्या कपबशा आत घेऊन गेली. सासूबाई मोरपंखी उजेडात काही निवडत बसल्या होत्या.

"आई, मी त्यांना फोनवर कधी..."

"मला माहितीये," सासूबाई म्हणाल्या. "जावई आहेत. त्यांची तोंडं सोफ्याकडेच ठेवावी लागतात." त्यांनी दाराच्या वर, भिंतीच्या रित्या बाजूकडे बोट केलं. "तो तुझा स्क्रू ड्रायव्हर कुठंय? ते घड्याळ जरा इकडून लावता येतं का बघ."