शेवटची पानं पुण्याला गेली

माझ्या एका पानाच्या खालच्या कोपऱ्यावर पिवळसर हिरवा डाग आहे. आकार अंगठ्याच्या पेराएवढा. कडेला गडद, मध्ये फिकट. ओला रंग कागदावर वाळतो तेव्हा कडेचं पाणी आधी उडतं आणि रंग कडेकडे ओढला जातो, म्हणून अशा डागाला किनार येते. हा रस झेंडूच्या पाल्याचा आहे. ज्या बाईच्या अंगठ्याने तो लागला, तिची शाळा चौथीत सुटली होती. ते पान तिने एकटीने, ओठ हलवत, संपूर्ण वाचलं होतं. माझ्या अंगावर कुणी पुरस्काराचा शिक्का मारला नाही. हा डाग आहे, आणि तो मला पुरतो.

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. प्रेमाची आणि मैत्रीची, तेही कॉलेजातल्या पोरापोरींच्या. मी थोर वगैरे नाही हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी मला ते ऐकवायला नको. 'असली पुस्तकं वाचून मुली बिघडतात' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते माझ्याच पानावर छापलं आहे की काय अशी शंका यावी. पण माझी हकिगत मी मान खाली घालून सांगणार नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. कागद स्वस्तातला होता. असा कागद उजेडात लवकर पिवळा पडतो, त्यात माझा काही दोष नाही. पाठीला डिंक लावून मला बांधलं आणि वर गुळगुळीत मुखपृष्ठ चढवलं. त्यावर झाडाखाली बसलेली एक मुलगी होती आणि दूर एक पाठमोरा मुलगा. माझ्या कथेत असं झाड कुठेच नाही. चित्रकाराने मला वाचलं नसावं.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी शिरूरच्या एका वाचनालयात आले. तिथे थोर पुस्तकं काचेच्या कपाटात होती आणि मी बाहेरच्या फळीवर. कपाटातली पुस्तकं स्वच्छ राहिली, कारण त्यांना कुणी हात लावत नव्हतं. मी मात्र ओढणीखाली, दप्तरात, चाऱ्याच्या पेंढीत लपून घरोघर फिरले. माझ्यावर चहा सांडला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर माझ्यासाठी मुली वाट बघत बसत. ते माझे कौतुकाचे दिवस. मग घरोघरी केबल आली, वाचनालय ओस पडलं, बंद झालं. मला सुतळीत आवळून रद्दीवाल्याकडे टाकलं. काचेतली थोर पुस्तकंही त्याच गठ्ठ्यात होती. तिथे फळी वेगळी नव्हती.

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात त्या गठ्ठ्यातून बाळासोंनी मला उचललं, तेही वाचायला नव्हे. घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडे त्यांचं शेत होतं. त्यात गुलछडी आणि झेंडू. गुलछडीच्या दांड्या सकाळी काढायच्या, दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या जुड्या बांधायच्या, प्रत्येक जुडी रद्दीच्या कागदात गुंडाळायची, वर पाणी शिंपडायचं आणि संध्याकाळच्या टेम्पोने पुण्याच्या बाजारात पाठवायच्या. ओला कागद फूल थंड ठेवतो. त्यासाठी बाळासो शिरूरहून किलोवर रद्दी आणत. मी त्या किलोतली होते.

त्यांच्या मुलीने, शितलने, मला गठ्ठ्यातून बाहेर ओढलं. तिची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. शेजारच्या शेतातली मोनिका तिची वर्गमैत्रीण. मोनिकाच्या आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली होती. तिच्या वडिलांच्या वेळेस घर एका जागी बसलं. दोघींनी मिळून एक रीत पाडली. एकीने मला मोठ्याने वाचायचं आणि तिच्या वाटणीच्या जुड्या दुसरीने बांधायच्या. मग अदलाबदल. शेडमध्ये तिसरी एक होती, तिने या रिवाजात भाग घेतला नाही. ती शितलची आत्या, धुरपदा.

धुरपदाची गोष्ट शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती दौंडला गेली. काही वर्षांनी नवऱ्याने, जयसिंगने, दुसरी बाई आणली आणि हिला पिशवीसकट भावाच्या दारात सोडलं. तेव्हापासून ती इथेच. गुलछडीचे कंद लावण्यापासून जुड्या टेम्पोत चढेपर्यंत सगळं तिच्या हातचं होतं. आता ती दुसरी बाई निघून गेली होती, जयसिंगची आई अंथरुणाला खिळली होती, आणि रखमाजीमामा, दोन्ही घरांचे नातलग, तीन उन्हाळे निरोप घेऊन येत होते: नांदायला पाठवा. दर वेळी एकच खेळ. बाळासो म्हणत, "तिच्या मनावर हाय." धुरपदा म्हणे, "दादा म्हणतील तसं." मामा चहा पिऊन परत जात. तिच्या मनात जायचं नव्हतं हे शेडच्या पत्र्यालाही कळत होतं. पण भावाच्या ताटात जेवणाऱ्या बहिणीने 'जात नाही' म्हणायचं कसं, आणि भावाने तरी 'जाऊ नको' म्हणून लोकांची बोलणी घ्यायची कशी? त्यामुळे दोघंही गप्प.

पहिले काही दिवस धुरपदा मला ऐकत नसल्याचं दाखवत होती.

"काय तरी वाचत्यात," ती म्हणे. "पोरगा आला, पोरगी लाजली. धंदा न्हाई दुसरा."

"मग कान बंद कर की आत्या," मोनिका म्हणाली.

"कानाला काय झाकण अस्तंय व्हय गं?"

माझी कथा साधी आहे. केतकी, तिची मैत्रीण रोहिणी आणि निशांत कॉलेजात एकत्र शिकतात. केतकी आणि निशांतचं जुळतं. मग निशांतला मोठ्या घरच्या मुलामुलींचा कंपू मिळतो आणि गॅदरिंगच्या दिवशी तो सगळ्यांदेखत केतकीला ओळख दाखवत नाही. शेवटच्या वर्षी तोच परत येतो. म्हणतो, झालं गेलं विसर, पूर्वीसारखं होऊ. आणि केतकी उत्तर देत नाही. पुढचा अर्धा भाग ती उत्तर देत नाही. रोहिणीशी बोलते, खिडकीशी बोलते, उशीशी बोलते, पण त्याला काही सांगत नाही. समीक्षक याला 'पसरटपणा' म्हणतील. म्हणू देत.

एके दुपारी शितल वाचत होती. निशांत बसस्टॉपवर केतकीसमोर उभा, विचारतोय, आणि ही पुस्तकांकडे बघत गप्प. धुरपदाच्या हातातली जुडी खाली आपटली.

"अगं बोल की बया! तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय?"

दोघी मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मग खाली बघितलं. मोनिकाचे खांदे हलत होते.

"हसायला काय झालं?" धुरपदा म्हणाली. "त्यो मेला पान-दोन पानं उभा हाय उन्हात. हो तरी म्हण, न्हाई तरी म्हण."

"तू काय म्हणली असतीस आत्या?" शितलने विचारलं.

"मला कोण इचारतंय? वाच म्होरं."

त्यानंतर धुरपदा उघड ऐकू लागली. तिघींत भांडणं होऊ लागली. शितल निशांतच्या बाजूने होती. "त्याला चूक कळलीय ना पण! डोळ्यात पाणी आलं त्याच्या."

"पाणी तर शेळीच्या बी डोळ्यात येतं," मोनिका म्हणाली. "माझा आज्जा म्हणायचा, कळप सोडून गेलेलं मेंढरू परत येतं ते भूक लागली म्हणून. माया लागली म्हणून न्हाई."

धुरपदा जुड्या बांधत राहिली. पण दुसऱ्या दिवशी, मुली नदीवर गेल्या असताना, तिने हातातला झेंडू खाली ठेवला, मला फळीवरून काढलं आणि बसस्टॉपचं ते पान शोधलं. एकेक अक्षर लावत वाचलं. उलटायला अंगठा लावला. तो डाग कुठून आला ते आता तुम्हाला कळलं.

आणि मग लग्नसराईतला तो सोमवार आला. फुलांना मागणी दुप्पट, टेम्पो वेळेआधी दारात, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, आणि शेडमधली रद्दी संपली. बाळासोंनी इकडेतिकडे बघितलं. फळीवर मी होते. त्यांनी मागच्या बाजूने मूठभर पानं धरली, एका हिसक्यात ओढली आणि उरलेल्या जुड्या भराभर गुंडाळून टाकल्या. मला त्यांचा राग नाही. त्यांच्या शेडमध्ये कागद म्हणजे फुलाचं पांघरूण. त्यांनी मला त्याच कामासाठी विकत आणलं होतं.

शितल पाण्याची घागर घेऊन आली तेव्हा टेम्पोची धूळ रस्त्यावर दिसत होती.

"आप्पा! ते वाचायचं पुस्तक होतं!"

"रद्दीतलंच होतं की," बाळासो म्हणाले. मग मुलीचं तोंड बघून वरमले. "लई कामाचं होतं का? काय होतं मागच्या पानांत?"

"शेवट होता," मोनिका म्हणाली.

पण सगळ्यांत जास्त भडकली धुरपदा. जिने भावापुढे कधी आवाज चढवला नव्हता ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय केलंत दादा हे! ती पोरगी आत्ता बोलणार होती! इतकं दिस तंगवलं आन् आता तिनं काय सांगितलं ते गुलछडीला गुंडाळून पुण्याला गेलं!"

"कोण पोरगी?" बाळासो घाबरून म्हणाले. "कुणाची?"

माझी फाटलेली पानं मला स्वतःलाही आठवत नाहीत. अंगातून गेलं ते गेलं. कुणाला वाटेल, शेवट नसलेली कादंबरी म्हणजे निकामी वस्तू. तसं वाटणाऱ्यांनी त्यानंतरच्या दुपारी शेडमध्ये येऊन बसायला हवं होतं. मी तोवर एवढी कधीच वाचली गेले नव्हते. दोघी उरलेली पानं पुन्हापुन्हा चाळून खुणा शोधत. शितलने निशांत आणि केतकीचं लग्न लावून दिलं, मग दोन दिवसांनी स्वतःच मोडलं. मोनिकाने केतकी आणि रोहिणीला मिळून पुण्यात खोली घेऊन दिली, दोघींना नोकऱ्या लावल्या आणि निशांतला रोज त्याच बसस्टॉपवर उभं केलं.

"आत्या, आता तुझा शेवट सांग," शितल म्हणाली.

"माझ्या हातात हाय व्हय ते?"

"मग कुणाच्या?" मोनिका म्हणाली. "पानं तर टेम्पोत गेली."

धुरपदाने जुडीला दोरा घातला, गाठ मारली आणि पुढची जुडी घेतली.

त्याच आठवड्यात रखमाजीमामा जीप घेऊन आले. या खेपेला जयसिंग स्वतः बरोबर होता. पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा. टेम्पोची वेळ जवळ होती म्हणून बैठक शेडमध्येच बसली. दोन खुर्च्या पाहुण्यांना, बाळासो पोत्यावर, धुरपदा आपल्या जागी, फुलांच्या ढिगापाशी. मुलींनी चहा आणला आणि जायचं नाव घेतलं नाही.

"आईला उठवत न्हाई आता," जयसिंग बाळासोंना म्हणाला. धुरपदाकडे त्याने बघितलं नव्हतं. "घरात बाईमाणूस पायजे. मागचं काय मनात धरू नका."

मामांनी फळीवरून मला उचललं, उलटसुलट केलं. "हे कसलं? प्रेमाचं?" त्यांनी मुलींकडे बघितलं. "असल्यानंच डोकी फिरत्यात पोरींची. आन् ही पिकली बाई बी यांच्यात बसती म्हणं ऐकायला."

"म्हातारं कोतारं बी बसलं तरी चालतंय मामा," मोनिका म्हणाली. "या तुम्ही उद्या. फकस्त जुड्या बांधाव्या लागतील."

बाळासोंना हसू आलं, ते त्यांनी चहात लपवलं. मामांनी मला खुर्चीच्या कडेला टाकलं. मी पालथी पडले. मित्रांनो, त्या आरोपावर मला एवढंच म्हणायचं आहे: मी धुरपदाला काहीही शिकवलं नाही. शिकवणारी पुस्तकं काचेच्या कपाटात असतात. मी तिला फक्त चिडवलं. एका गप्प बसणाऱ्या मुलीवर दुपारमागून दुपार चिडायला लावलं. पुस्तकाने एवढं केलं तरी त्याचा कागद वाया गेला नाही.

"असू दे," मामा म्हणाले. "बाळासो, तुमचं काय म्हणणं?"

"माझं काय? तिच्या मनावर हाय."

"बरं. धुरपदे, तू बोल." पुढचं वाक्य पाठ असल्यासारखी मामांची मान आधीच हलायला लागली होती.

धुरपदा गुलछडीच्या दांड्या सारख्या करत होती. बाहेर जीपचा पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. बाळासो जमिनीकडे बघत होते. शितलने मोनिकाचं मनगट पकडलं होतं. धुरपदाने जुडी बांधून पूर्ण केली, बाजूला ठेवली, पदराला हात पुसले.

"मामा, या वख्ताला दादांना मधी घालू नका," ती म्हणाली. "त्यांनी मला अडवलं बी न्हाई आन् हाकललं बी न्हाई. हितं मी राबून खाती. जे हाय ते मी सांगती."

मग तिने मान वर करून समोरच्या खुर्चीकडे सरळ बघितलं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर उखाण्यात, चार बायकांनी आग्रह केल्यावर, लाजून. तिने ते भर दुपारी, सगळ्यांसमोर, बाजारातल्या एखाद्या व्यापाऱ्याला हाक मारावी तसं घेतलं.

"जयसिंगराव," ती म्हणाली, "मी तुमच्या घरी यायची न्हाई. आज न्हाई, आन् म्होरं कवा बी न्हाई."