नोराच्या नावापुढचा शब्द

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. तुमच्या शाळेच्या वहीसारखी हलकी नव्हे. मला उचलायला दोन हात लागतात. माझा जन्म १८८७ सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. कोळशाच्या खाणींच्या एका गावात इस्पितळ होते, त्याच्यासाठी मला मुद्दाम चामड्यात बांधून घेतले होते. माझ्या डाव्या पानांवर डॉक्टर रोग्याची रोजची हकिगत लिहीत. उजव्या पानावर प्रत्येकाची एकच ओळ असे: नाव, वय, आजार, आणि शेवटी 'बरा झाला' किंवा 'वारला'. वर्षअखेरीस ऑगस्टस नावाचे वयस्क कारकून त्या ओळींचा तक्ता करत. तापाचे इतके, छातीच्या विकाराचे इतके, खाणीतल्या अपघातांचे इतके. इस्पितळात पाहुणे आले की मला उघडून ऑगस्टस यांचे अक्षर दाखवले जाई. मला फार अभिमान वाटे.

१८८९ च्या मे महिन्यात खाणीत स्फोट झाला. एका दिवसात एकोणीस जखमी आले. त्याच दुपारी नोरा नावाची सव्वीस वर्षांची बाळंतीण वारली. डॉक्टर जखमींमध्ये गुंतलेले, त्यामुळे तिचा आजाराचा रकाना रिकामाच राहिला. ऑगस्टस यांनी डाव्या पानावर घाईने नजर टाकली. 'बरळते आहे' एवढेच त्यांना दिसले, आणि त्यांनी रकान्यात लिहिले, 'वेड'. ते वाईट माणूस नव्हते. पण मृत्यूचा दाखला माझ्यावरूनच उतरवला गेला आणि तो शब्द नोराच्या घरी पोहोचला.

पुढे नव्या वह्या आल्या आणि मी तळघरात गेले. तिथे एकदा पाण्याचा पाइप फुटला. माझी कितीतरी पाने एकमेकांना चिकटली. उजव्या पानांच्या फक्त बाहेरच्या कडा, जिथे त्या एकेका ओळीच्या नोंदी होत्या, वाचता येत. अखेर २००३ साली मला स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणले.

तिथे मला देवयानी भेटली. नागपूरची मुलगी, इथे संख्याशास्त्र शिकत होती. कॅम्पसच्या बसमधून उतरून यायची, हात धुऊन कोरडे करायची आणि मला मऊ उशीवर अलगद उघडायची. माझ्या उजव्या पानांवरच्या ओळी कॉम्प्युटरवर जशाच्या तशा उतरवणे हे तिचे काम. पहिली यादी इंटरनेटवर गेली, आणि पंधरा दिवसांत एक पत्र आले. लिहिणाऱ्या बाईंचे नाव हेलन, वय अठ्ठ्याहत्तर.

देवयानीने ते पत्र आपल्या रूममेटला, शरयूला, माझ्यासमोरच वाचून दाखवले. "'नोरा माझी आजी. वेड आमच्या रक्तात आहे असं ऐकत मी मोठी झाले. त्या भीतीनं मी लग्न केलं नाही. कृपा करून तिचं नाव यादीतून काढा.'"

"मग डिलीट करून टाक ना," शरयू म्हणाली.

"ग्रंथालयाच्या प्रमुख बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लिहिलेलं पुसायचं नाही. पण शरयू, डावं पान कुणी वाचलंच नाहीये. ते चिकटलंय."

"यार, तुझं काम डेटा एंट्रीचं आहे."

"माहितीये गं."

तरीही तिने अर्ज केला. दुरुस्ती विभागातल्या लोकांनी मला दमट हवेत ठेवले आणि पातळ पट्टीने पान सोडवायला घेतले. मला भीती वाटत होती की पान फाटेल. एक कोपरा फाटलाही. पण अक्षर शाबूत राहिले.

शरयू सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. तिने पान दोनदा वाचले. "बाळंतपणानंतर चौथा दिवस, हाय फीव्हर, पोटात कळा, मग बरळणं. अगं, हे इन्फेक्शन आहे. बाळंतज्वर. तापात माणूस बरळतो, ते वेड नाही. आज टेस्ट करता येणार नाही, पण दुसरं काही वाटत नाही."

प्रमुख बाईंनी एका डॉक्टरांचेही मत घेतले. तेही तेच म्हणाले. मग यादीत जुना शब्द तसाच ठेवून शेजारी नवा रकाना आला: 'आजचे वर्गीकरण: बाळंतज्वर'.

हेलन स्वतः आल्या, काठी टेकत. देवयानीने त्यांना सगळे समजावून सांगितले.

"माझ्या आईला कुणी कधी मोकळेपणानं रडू दिलं नाही," त्या म्हणाल्या. "ती रडली की घरातले एकमेकांकडे बघायचे. तिला सांगितलं होतं, तुझ्या वेड्या आईनं तुला जवळही घेतलं नाही."

"तुमच्या आईचं नाव काय?" देवयानीने विचारले.

"ॲग्नेस."

देवयानीचे बोट माझ्या त्या डाव्या पानाच्या शेवटच्या ओळींवर थांबले. मग तिने सावकाश वाचले: "'सकाळी ताप थोडा उतरला. रोगी शुद्धीवर. मूल मागितले, छातीशी धरले. ॲग्नेस असे नाव ठेवले.'"

हेलन यांनी काठी बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि मोठ्याने रडल्या. त्या खोलीत बोलायचीसुद्धा मनाई असते, पण त्यांना कोणी थांबवले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही जुने कागद असतील. ते ओलीपासून, वाळवीपासून जपा. आणि कधी एखाद्या माणसाबद्दल तुम्हाला एकाच शब्दात लिहायची वेळ आली, तर आधी त्याचे पूर्ण पान वाचा.