पूर्वेच्या ओळीचा अर्धा दर

"एकच गल्ली, एकाच मापाची घरं, आणि पूर्वेच्या ओळीला पश्चिमेपेक्षा अर्धा दर? हे कसं काय, फकीरप्पा?"

विनुता हेगडे मॅडमनी दोन याद्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या. नगरसभेत महसूल अधिकारी म्हणून येऊन त्यांना तीनच आठवडे झाले होते, आणि तेवढ्यात बाईंनी अख्ख्या शहराच्या घरपट्टीचे दर वॉर्डावॉर्डाने ताडून पाहिले होते. बाकी सगळं जुळलं. घोडं अडलं ते गाणिगेर गल्लीत.

"मालक स्वतः राहत असला की अर्धा दर, मॅडम. भाडेकरू असला नाहीतर कुलूप असलं की पूर्ण. नियमच आहे की तसा. पश्चिमेला सगळे भाडेकरू आहेत," फकीरप्पा अंगडी म्हणाला. चौतीस वर्षं तो बिल कलेक्टर होता आणि दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचा होता.

"नियम मला शिकवू नका. पूर्वेच्या बारा घरांतल्या नऊ घरांत कित्येक वर्षं दिवा लागलेला नाही. वीज खात्याकडून आकडे मागवलेत मी. आणि तुमच्या वहीत बाराही घरांपुढं 'मालक राहतो'! बंगळूरला गेलेल्या घरमालकांच्या पोरांकडून किती घेतलंत, तेवढं सांगा."

फकीरप्पाने वही मिटली. ज्या कचेरीत शिपायानेसुद्धा घरावर दुसरा मजला चढवला होता, तिथे या माणसाने कुणाचा फुकटचा चहा घेतला नव्हता. नाव तेवढं कमावलं होतं. चौकशीची टिपणी वर गेली की तेही मातीत जाणार.

"मी प्रत्येक दाराशी जातो, मॅडम. हाक मारतो. आतून ओ आली तरच लिहितो."

"बंद घरातून ओ येते?"

"या की माझ्याबरोबर. तुमच्या कानानं ऐका."

दुपारचे अडीच वाजले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्या भागात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. भर दुपारी भलतंच काहीतरी ओळखीच्या आवाजात हाक मारतं, पण त्याला ती एकदाच मारता येते, असं लहान पोरालाही शिकवलेलं असतं. म्हणून माणसाने तीनदा हाक मारायची, आणि घरच्याने तिसरीला ओ द्यायची. फकीरप्पाची सगळी नोकरी या तीन हाकांवर चालली होती.

पहिल्या घरी दुंडव्वा पिठाच्या हातांनी बाहेर आली. "पट्टी भरली की रे मी! या पोरीला कशाला उन्हात हिंडवतोयस?"

"दरवर्षीचं तपासणं असतंय ओ अव्वा," फकीरप्पा म्हणाला आणि पुढच्या दाराशी गेला. कुलूप गंजून लाल झालं होतं. "इरप्पा मास्तर! इरप्पा मास्तर! ओ इरप्पा मास्तर!"

मग त्याने मान किंचित कलती केली, आणि त्याचं तोंड एकदम उजळलं. "ऐकलंत? 'थांब रे, चष्मा घालून येतो' म्हणाले."

मॅडमना काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

"मास्तर जाऊन सहा वर्षं झाली, बाई," मागून दुंडव्वा म्हणाली. "यानंच खांदा दिला की."

मॅडम गर्रकन वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की. पण ओ येते, मॅडम. मग बंद कसं लिहू? खोटं होईल ते."

तिसरं घर, चौथं घर. प्रत्येक कुलपाशी तीन हाका, आणि मग फकीरप्पाचं बोलणं. "गुडघा काय म्हणतोय, अव्वा?" असं विचारून तो थांबायचा, उत्तराला लागेल तेवढाच वेळ थांबायचा, आणि "तेल लावा, तेल," म्हणून पुढे निघायचा. एका दारात तर तो हसला, आतून कुणीतरी चेष्टा केल्यावर माणूस हसतो तसा. घरांची नव्हे, मॅडमना आता या माणसाची भीती वाटू लागली, आणि त्याहून जास्त कीव.

अकराव्या घरापुढे त्या थांबल्या. "फकीरप्पा, एक करा. नजरचूक झाली, हल्ली तब्येत बरी नसते, असं लिहून द्या. पैसे खाल्ले असं मी लिहीत नाही."

"म्हणजे चोर नाही, वेडा म्हणून लिहिणार?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. फकीरप्पाने घाम पुसला. "चौतीस वर्षं झाली, मॅडम. वेडा म्हणून नका घरी पाठवू. हात जोडतो."

एवढं बोलून तो परत निघाला. मॅडमनी यादीवर नजर टाकली. "बारावं राहिलं की."

"ते नको. ते बरोबर आहे."

"का नको?" मॅडमचा संशय पुन्हा जागा झाला. पाणी मुरतंय ते इथेच, असं त्यांच्या मनाने घेतलं. दाराला कुलूप नव्हतं, ते नुसतं ओढून घेतलेलं होतं. त्यांनी यादीतलं मालकिणीचं नाव वाचलं आणि स्वतःच हाक मारली, "निंगव्वा! निंगव्वा! निंगव्वा!"

क्षणभराने त्या म्हणाल्या, "या घरात तरी माणूस आहे. 'आले हो, हात धुऊन येते' म्हणतायत. थांबू या."

फकीरप्पा जागच्या जागी खिळला. "तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलंत काय विचारता! एवढं स्पष्ट. आवाज जरा घोगरा आहे."

"माझी बायको ती, मॅडम. सात वर्षं झाली तिला जाऊन. घर तिच्या नावावर आहे, एकटाच राहतो मी."

मॅडमनी दाराकडे पाहिलं. कडीला बाहेरून कुलूप नव्हतं, पण कडी बाहेरूनच घातलेली होती. त्या नकळत एक पायरी खाली उतरल्या.

"चला, चला इथून, फकीरप्पा. टिपणी मी फाडून टाकते. तुमच्या नावाला काही लागणार नाही. चला आधी."

याच एका शब्दासाठी तो उन्हातान्हात अकरा दारं हिंडला होता. पण तो ऐकतच नव्हता.

"रोज कामावरून आलो की हाक मारतो, मॅडम. तीनदा. सगळी गल्ली ओ देते मला. हिची ओ एकदासुद्धा आली नाही. म्हटलं, रुसली असेल. शेवटच्या दिवशी मी वसुलीवर होतो की." तो एक पाऊल जवळ आला. "घोगरा म्हणालात?"

"हो."

"तिचाच. थंडीत घसा धरायचा तिचा." त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "एक उपकार करा, मॅडम. अजून एकदा हाक मारा."

उतरलेली पायरी मॅडम पुन्हा चढल्या. त्यांनी तीनदा हाक मारली.

फकीरप्पाने दाराकडे पाहिलंच नाही. ओ आलेली तिथे तरी दिसेल म्हणून तो मॅडमच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.